अरामी कारकून आणि कुंभारणीचा अर्ज

माझे वडील अर्जनवीस होते. मेहकरच्या तहसील कचेरीसमोर कडुनिंबाखाली सतरंजी टाकून, पुढ्यात उतरत्या झाकणाची पेटी ठेवून ते लोकांचे अर्ज लिहीत. वाचनालयात आमचं जे मंडळ जमायचं, तिथे मी हे आपणहून कधी बोलत नसे. सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक आहे हे मलाही ठाऊक होतं. तरी कुणी 'वडील काय करतात' असं विचारलं की मी 'कचेरीत असतात' म्हणायचो. कचेरीच्या बाहेर असतात, हा भाग गिळून टाकायचो.

आमचं मंडळ म्हणजे पत्रकं काढणाऱ्या पोरांचं टोळकं. वऱ्हाड मध्यप्रांताच्या दावणीला बांधलेला. वरचे अंमलदार पुष्कळदा जबलपूर-सागरकडून यायचे, हिंदी बोलायचे. कचेरीची मराठी अशी की ती ज्याच्यासाठी लिहिली त्यालाच कळू नये. आमचं म्हणणं साधं होतं: माणूस बोलतो ते कागदावर यावं, आणि कागदावर आलेलं त्याच्यासमोर जसंच्या तसं वाचलं जावं. हे म्हणणं मी पत्रकात असं लिहिलं होतं: 'जनतेचे मुख आणि सत्तेचे कर्ण यांच्यामध्ये जो दलाल ठाण मांडून बसला आहे, त्याचे उच्चाटन हेच आमचे प्रथम कर्तव्य होय.' वाक्य छापून आलं तेव्हा मी ते चारचौघांत दोनदा वाचून दाखवलं. तो दलाल सतरंजीवर बसतो, त्याच्या पेटीत अडकित्ता असतो आणि मी त्याच्याच ताटातली भाकर खातो, हे सांगायची गरज कुणालाच वाटली नाही.

आखजीनंतर, म्हणजे अक्षय्यतृतीयेनंतर, वाचनालयात माझं व्याख्यान ठरलं होतं. पत्रकवाल्याला इतिहास लागतो तो दारूगोळा म्हणून. मीही तसाच शोधत होतो, आणि पुठ्ठा गेलेल्या एका जाड इंग्रजी ग्रंथात मला अरामी भाषा सापडली.

तिची हकीकत वाचून मी उडालोच. शाम म्हणजे सीरिया देशातल्या, दमास्कसच्या आसपासच्या छोट्या छोट्या राज्यांतली ही माणसं. असुरियाच्या राजांनी ती राज्यं चिरडली, माणसं बांधून नेली, दूरदूरच्या मुलखांत विखरून टाकली. झालं उलटंच. माणसं जिथे गेली तिथे त्यांची भाषा गेली. जिंकणाऱ्यांच्या दरबारात मातीच्या ओल्या विटांवर खिळ्यासारखी अक्षरं टोचणारा एक कारकून असे. हळूहळू त्याच्या शेजारी दुसरा उभा राहिला, हातात कातड्याची गुंडाळी आणि शाई घेतलेला. तो अरामीत लिही. पुढे इराणी बादशहा आले. त्यांनी मिसर म्हणजे इजिप्तपासून आपल्या सिंधूपर्यंत कारभाराला हीच भाषा धरली. आपली तक्षशिला आहे ना, तिथेही तिचा शिलालेख निघाला. ज्यांचं राज्य नाही, फौज नाही, त्यांची भाषा सगळ्या जगाच्या कचेरीत जाऊन बसली. मला वाटलं, मराठीला हिणवणाऱ्यांच्या तोंडावर मारायला याहून चांगला दाखला नाही.

पण त्याच पानावर पुढे एक गोष्ट होती, ती वाचून मी ग्रंथ मिटला. इराणी सुभेदार इराणीत बोले. कारकून ते अरामीत लिही. खलिता शेकडो कोस जाई. तिथे दुसरा कारकून तो उघडी आणि समोरच्याला त्याच्या बोलीत ऐकवी. बोलणाऱ्याला लिहिलेलं वाचता येत नसे आणि ऐकणाऱ्याला तर ते कधी दिसतही नसे. ही सवय इतकी मुरली की अरामी मागे पडल्यावरही इराणी कारकून शब्द अरामी लिहीत आणि तोंडानं इराणी वाचत.

हे मी रोज बघत होतो. कडुनिंबाखाली.

चैत्र नुकताच लागला होता तेव्हा ती कुंभारीण आली. लोणारच्या रस्त्यावरच्या एका गावची. नवरा गेलेला, मुलगा चाक फिरवायचा, पण घराचं बोलणं सगळं तिच्याकडे. मी वडिलांचा डबा घेऊन गेलो होतो. ती सतरंजीच्या कडेला बसली आणि पाणी पिऊन सरळ सुरू झाली.

"मुन्शीजी, पाटलानं तळ्याची माती बंद केली. म्हंते बांध खचते. आता आखजी आली तोंडावर. घरोघर पितराची घागर लागते. मी का हवेची घागर करू?"

वडील म्हणाले, "कधीपासून काढता माती?"

"माह्या सासऱ्याच्या बापापासून. ते तळं का पाटलाच्या बापानं खंदलं? अन् बांधाची एवढी काळजी हाय तं आपल्या मळ्यासाठी बांधाखालून नळी घातली, ते काऊन नाई दिसत त्याले?"

वडील टाक बुडवत होते. वेळ काढायला म्हणून की काय, माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बाई, या आमच्या पोराले विचारा. हा सांगते का पहिले लोक मातीवर लिहीत."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "ओल्या मातीवर?"

"हो मावशी. विटेवर टोचायचे."

"मंग वाळल्यावर तडे जात असतीन."

"काही भाजायचे."

"मंग ठीक," ती म्हणाली आणि पुन्हा पाटलाकडे वळली.

वडिलांनी लिहून झाल्यावर कागद समोर धरला आणि तिला वाचून दाखवला. म्हणजे तोंडानं. तिचं एकेक वाक्य, तिच्याच बोलीत, तिच्याच तोऱ्यात. हवेची घागरसुद्धा आली. पाटलाचा बाप आला. बांधाखालची नळी आली. ती मान डोलवत होती. "हाव, बराबर," म्हणाली. "असंच पायजे. जराक जोरानं लिहा." आणि तिनं अंगठा उठवला.

ती गेल्यावर शाईवर टाकलेली वाळू झटकायला म्हणून मी कागद उचलला आणि पहिल्यांदाच नीट वाचला. त्यावर होतं: 'हुजुरांचे चरणी गरीब, अनाथ, अज्ञान विधवा बाई हिचा नम्रतापूर्वक अर्ज ऐसा जे, पाटीलसाहेब हे आम्हां गरिबांचे मायबाप असून त्यांचेविरुद्ध अर्जदाराची काहीएक तक्रार नाही. केवळ पोटाचे खळगीस्तव मूठभर मातीची भीक मागते...' नळी नव्हती. सासऱ्याचा बाप नव्हता.

"हे तिनं म्हटलं?" मी विचारलं.

वडील अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. "तिचं बोलणं कागदावर टाकलं तर कागद परत येते. कागदाचं बोलणं तिले वाचून दाखवलं तर ती परत जाते. मले दोघंही परत जाऊ द्यायचे नाईत."

"ही फसवणूक आहे, बाबा."

"मंग माती मिळाल्यावर तिले सांगजो. पायजे तं पत्रकात छाप."

मी तिथून उठलो. रस्त्यानं जाताना माझे कान गरम झाले होते. एवढी वर्षं इतक्या माणसांनी त्या कडुनिंबाखाली ताठ मानेनं अंगठे दिले आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं की आपण सरकारला खडसावलं. आणि कागदावर प्रत्येक जण हुजुरांच्या पायाशी. माझं शिक्षण त्यावर झालं होतं. माझ्या अंगातला सदरा त्यावर झाला होता.

त्याच सुमाराला नवा तहसीलदार आला. सागरकडचा, तरुण, हिंदी बोलणारा. आमच्या मंडळानं त्याला निवेदन दिलं, मीच लिहिलेलं: अर्जदाराचा अर्ज त्याच्यासमोर अक्षरशः वाचून दाखवावा. त्यानं ते वाचलं आणि म्हणाला, "बात तो ठीक है." त्या दिवशी आम्ही बाजारात भजी खाल्ली. आमची ती पहिलीच मागणी मान्य झालेली.

दौऱ्यात तहसीलदाराचा मुक्काम त्या कुंभारणीच्या गावी पडला. गावाबाहेरच्या आमराईत तंबू, पुढे टेबल-खुर्ची. दौरा असला की अर्जनवीसही पेटी घेऊन मागे जात, तसे वडील गेले होते. मी गेलो तो आमची मागणी अमलात येताना पाहायला. तिचा कागदही यातच निघेल, हे मी मनात येऊ दिलं नव्हतं. सगळा गाव आंब्याखाली जमला होता. पाटील पुढे, खाटेवर. कुंभारीण बायकांत उभी होती, धुतलेलं लुगडं नेसून. मला पाहून हसली. "आला का, मातीवर लिहिणारा?"

तिचा अर्ज निघाला. तहसीलदारानं कारकुनाला सांगितलं, "इनके सामने पढ़िए. जैसा लिखा है, वैसा."

कारकुनानं वाचायला घेतलं. त्याचा आवाज खडा होता. 'हुजुरांचे चरणी' पासून सगळं. पहिल्यांदा ती शेजारणीकडे पाहत होती, आता माझं कसं वाचतात ते ऐक, अशा डोळ्यांनी. 'अनाथ' आलं, 'अज्ञान' आलं, तेव्हा तिला वाटलं असावं की दुसऱ्या कुणाचा कागद निघाला. मग गावाचं नाव आलं, तळ्याचं आलं. मग 'पाटीलसाहेब हे मायबाप' आलं. आणि 'भीक'.

पाटील खाटेवर सैल बसला आणि म्हणाला, "काऊन वं, मी तुहा मायबाप झालो कधीपासून? सांगतलं नाई?"

लोक हसले. मोठ्यानं नाही, पण सगळे हसले. बायकासुद्धा.

ती पुढे आली. "हे मी बोलली नाई."

कारकून म्हणाला, "अंगठा तुझाच ना?"

"अंगठा माहाच हाय. बोलणं माहं नाई."

तहसीलदाराला एवढं कळलं. त्यानं कागद टेबलावर ठेवला. "अर्ज़ी इनकी नहीं है तो मैं हुक्म किस पर लिखूँ? दूसरी लिखवाइए. अगले दौरे में देखेंगे."

पुढचा दौरा पावसाळ्यानंतर. आखजी आठवड्यावर आलेली. आमराईत जेवढी माणसं होती तेवढ्यांना हे कळत होतं. या आखजीला तिची घागर नाही झाली तर गाव मेहकरच्या बाजारातून आणेल, आणि पुढच्या वर्षी पाटील म्हणेल, तुह्यावाचून काय अडलं होतं? वहिवाट अशीच तुटते. मी मागे वळून वडिलांकडे पाहिलं. ते झाडाच्या बुंध्याशी पेटीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. जमिनीकडे बघत.

ती हलली नाही. "सायेब, मी तोंडानं सांगतो. ऐका." आमच्याकडच्या बाया रागात आल्या की असं पुरुषासारखंही बोलतात. आणि ती सुटली. तळं गावानं खंदलं. सासऱ्याच्या बापानं त्यातल्या मातीच्या पाट्या डोक्यावर वाह्यल्या. माती काढल्यानं तळं खोल होते, बांध नाई खचत. बांध खचून राह्यला तो पाटलाच्या नळीनं, चला दाखवतो. मी मागून नाई राह्यली, माहं हाय ते सांगून राह्यली.

तहसीलदारानं हात वर केला. "धीरे, माई. मेरी समझ में नहीं आ रहा. कोई बताएगा?" त्यानं इकडेतिकडे पाहिलं. कारकून पाटलाच्या बाजूला बघत होता. तहसीलदाराची नजर माझ्या टोपीवर आली. निवेदन देणारा पोरगा त्यानं ओळखला. "आप बताइए. आप ही लोग तो कहते हैं कि जनता की बात हम तक सीधी पहुँचे."

मी पुढे झालो. माझ्या आयुष्यातली ही जागा होती, असं मला तोवर वाटत आलं होतं. तिचं एकेक वाक्य माझ्या डोक्यात उभं होतं. नळीचं वाक्य सगळ्यात पुढे.

पाटील माझ्याकडे बघत होता. रागानं नाही. मुन्शीचा पोरगा काय म्हणते पाहू, एवढंच. आणि माझ्या मनात आलं, नळीचं काढलं तर तहसीलदार चौकशी लावील, चौकशी म्हणजे पंचनामा, आणि आखजी निघून जाईल. हे खरंही होतं. पण ते आधी मनात आलं की आधी माझी जीभ वळली, हे मला आजही सांगता येत नाही.

मी म्हणालो, "हुज़ूर, यह गरीब विधवा है. पाटीलसाहब से इसकी कोई शिकायत नहीं. अर्ज़ी इसकी समझ में नहीं आई, इसलिए घबरा गई. थोड़ी मिट्टी मिल जाए तो हुज़ूर की बड़ी मेहरबानी होगी."

एकेक शब्द. वडिलांच्या कागदावरून उचलून हिंदीत ठेवलेला. मी काही पाठ केलं नव्हतं. ते माझ्यात होतंच.

आणि आमच्या वऱ्हाडीत हिंदी एवढं मिसळलेलं आहे की 'गरीब', 'शिकायत नहीं' आणि 'मेहरबानी' तिला भाषांतर करून सांगावं लागलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. कारकून वाचत होता तेव्हाही तिनं असं पाहिलं नव्हतं. तेव्हा ती चिडली होती. आता तिनं नुसता पदर नीट केला.

तहसीलदारानं हुकूम लिहिला: बांधापासून दूर, पश्चिमेच्या अंगानं, पाऊस पडेपर्यंत माती काढू द्यावी. पाटलाची नळी होती तिथेच राहिली. कुंभारणीच्या मुलानं त्याच दुपारी गाढवं तळ्यात घातली.

परतताना आम्ही एका ओळखीच्याच्या खाचरात, म्हणजे लहान बैलगाडीत, बसलो होतो. वडील बैलांच्या पाठीकडे पाहत म्हणाले, "'हुजूर' मी आजवर लिहिलं. तोंडानं कोणाले म्हटलं नाई."

टोमणा नव्हता तो. ते आपल्याशीच काहीतरी ताडून बघत होते. मी रस्त्याकडे तोंड फिरवलं.

व्याख्यान जवळ आलं तसा मी ते पुन्हा लिहायला बसलो. अरामीचा पुढचा भाग घेतला. त्या भाषेत देवाच्या गोष्टी आल्या. ख्रिस्ती लोकांचा देव घरी-दारी हीच बोली बोलायचा म्हणतात. यहुद्यांच्या प्रार्थनाघरात पोथी जुन्या भाषेत वाचली जाई आणि शेजारी एक माणूस उभा राहून ती अरामीत सांगे, कारण पोथीची भाषा लोकांना उरली नव्हती. तिथेही मधला माणूस होताच. मग अरबी आली, कचेऱ्या बदलल्या, बाजार बदलले, आणि जगाच्या कारभाराची ती भाषा डोंगरातल्या काही गावांपुरती उरली. तिथल्या चुलीपाशी म्हणे अजून बोलतात. मी हे सगळं लिहिलं. दलालाच्या उच्चाटनाचं वाक्य मात्र तसंच ठेवलं. काढावं असं वाटत होतं, पण ते मंडळात सगळ्यांना पाठ होतं. काढलं असतं तर का काढलं ते सांगावं लागलं असतं. व्याख्यानाआधी वाटायला म्हणून हाच मजकूर पत्रकात छापून घेतला.

आखजीच्या आदल्या दिवशी कुंभारीण आमच्या दारात आली. डोक्यावर टोपलं, टोपल्यात लाल घागरी. आईनं सुपात गहू आणला, तिनं घागर उतरवून दिली, बोटानं ठोकून आवाज ऐकवला. वडील आत होते. तिनं त्यांना हाक मारली नाही, रागही दाखवला नाही. आमराईचं तर नावच काढलं नाही. ते काढलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

ओट्यावर पत्रकांचा गठ्ठा पडला होता. तिनं वरचं एक उचललं, उलटसुलट पाहिलं. "हे तू लिहिलं?"

"हो मावशी."

"वाच."

मी वाचायला घेतलं. पहिलं वाक्य झालं आणि दुसऱ्याला मी आपोआप तिच्या बोलीत उतरलो. "म्हंजे मावशी, कसं का, पहिले एका मुलखात..."

"तसं नाई." ती ओट्यावर बसली. "लिहिलं हाय तसं वाच."

मी लिहिलं होतं तसं वाचलं. 'जनतेचे मुख', 'सत्तेचे कर्ण', 'उच्चाटन', 'प्रथम कर्तव्य होय'. अरामी भाषेचा 'दिग्विजय'. पुण्याच्या छापखान्यात शोभावी अशी मराठी. मेहकरात ती कुणाच्याच घरात बोलली जात नव्हती, आमच्याही नाही. ती टोपल्यावर हात ठेवून ऐकत होती. मधे एकदा मातीच्या विटांचं आलं तेव्हा तिनं मान वर केली. पण ते वाक्यही मी असं बांधलं होतं की त्यातली माती तिला सापडली नाही. ती पुन्हा खाली बघू लागली. मी थांबलो की ती म्हणायची, "हं." मी पुढे वाचायचो. माझा आवाज त्या कारकुनासारखा खडा लागत होता.

"झालं?"

"झालं."

"यात काय हाय?"

मी म्हणालो, "हेच, का लोकाइचं बोलणं जसं हाय तसं पोचलं पायजे. मधात कोणी असू नये."

"हे कोण म्हंते?"

"मी."

तिनं पत्रक गठ्ठ्यावर परत ठेवलं, वारा लागून उडू नये म्हणून त्यावर ओट्यावरचा दगड ठेवला. मग उठून टोपलं डोक्यावर घेतलं.

"हाव का," ती म्हणाली, आणि शेजारच्या दारी घागर द्यायला गेली.